बिनदारूच्या पबातलं मीठ

आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी नाक मुरडायला नको. मी ज्या पबात काम करतो तिथे दारू मिळत नाही. तो पब सौदीत आहे. हुफूफच्या बाहेर, खजुराच्या बागा संपतात आणि वाळू सुरू होते तिथे, उंच भिंतीच्या आत परदेशी लोकांची वसाहत आहे. इकडे तिला कंपाउंड म्हणतात. राहणारे बहुतेक इंग्रज. कोणी गॅसच्या कारखान्यात इंजिनियर, कोणी शाळेत शिकवणारे. त्यांच्या क्लबाच्या मागच्या खोलीला ते पब म्हणतात आणि त्या खोलीचा स्वयंपाकी मी.

सुट्टीत गावी गेलो की मशिदीबाहेरच्या बाकावर बसणारे माझ्या वयाचे लोक विचारतात, "काय मियाँ, म्हातारपणी गुत्त्यावर लागलास?" मी त्यांना उत्तर देत नाही. दारूसकट पब साऱ्या जगाने बघितलाय. दारू काढून घेतल्यावर त्यात काय उरतं ते मी बघितलंय, आणि जे उरतं ते फार चांगलं आहे. म्हणून लिहायला बसलो. शाळा माझी चौथीपर्यंतच. शुद्धलेखन चुकलं असेल तर छापणाऱ्याने सुधारावं, म्हणणं मात्र बदलू नये.

आमचं गाव रत्नागिरीकडचं, खाडीकाठचं. मी आधी जहाजावर भांडी घासली, मग तिथेच रांधायला शिकलो. पुढे मक्केच्या एका हॉटेलात होतो, मग मदिन्याच्या. तिथे हजच्या दिवसांत किती माणसांना जेवू घातलं त्याची मोजदाद नाही, सवाबाचं, पुण्याचं काम होतं, तक्रार करत नाही. पण जेवण तळघरात शिजायचं आणि लिफ्टने वर जायचं. खाणाऱ्याने मला बघितलं नाही, मी खाणाऱ्याला बघितलं नाही. नंतर लेबर कॅम्पच्या मेसमध्ये आलो. तिथे पोरं थाळी आपटून ओरडायची, "चाचा, ये दाल है कि नाले का पानी?" ते मला त्यापेक्षा आवडायचं. कोणीतरी मला उद्देशून बोलत होतं.

या पबात चूल काउंटरच्या मागे उघडीच आहे. मी काय करतो ते सगळ्यांना दिसतं, ते काय करतात ते मला.

सुट्टीचा दिवस शुक्रवार. त्या दिवशी सकाळी उशिरा त्यांचं ब्रंच असतं. नाष्टा म्हणावा तर भारी आणि जेवण म्हणावं तर लवकरचं. अंडी, गाईच्या मटणाचे सॉसेज, तव्यावर परतलेले मश्रूम, अर्धे कापून भाजलेले टोमॅटो, टोमॅटोच्या रसातल्या शेंगदाण्याएवढ्या शेंगबिया, तुपात तळलेला पाव. डुकराचं काही नाही, ते सौदीत येतच नाही. मग दुपारकडे गाईच्याच भाजलेल्या मटणाचा मोठा तुकडा येतो, त्याच्यावर ग्रेव्ही, बाजूला बटाटे. शेवटी इथल्याच खजुराचा गरम केक, वर साखरेचा तपकिरी पाक. हे पदार्थ सांगितले म्हणून पाणी सुटलं असेल तर सुटू द्या, पण मी सांगतोय ते पदार्थांचं नाही.

मी सांगतोय ते रीतीचं. पबात वेटर नसतो. प्रत्येकाने उठून काउंटरपाशी यायचं. मोठा साहेब असो नाहीतर नवा पोरगा, रांगेत उभा. एका टेबलावर पाच जण बसले तर एक जण उठतो आणि पाचही जणांचं पेय घेऊन जातो. आल्याचं नाहीतर जवाचं, बिनदारूचं. ते संपलं की दुसरा उठतो. कोणी कोणाला सांगत नाही की आता तुझी पाळी. खाऊन झालं की ताटं आपण होऊन परत आणतात. आणि जुम्म्याच्या नमाजाला मी निघालो की त्यांच्यातलाच एक माझा एप्रन बांधून काउंटरमागे उभा राहतो. हा कारखान्यातला मोठा इंजिनियर, साठी ओलांडलेला, लांब हाडांचा, गालावर तांबडे ठिपके. पुढे मी त्याला लांबोडा इंग्रज म्हणेन. मी मशिदीतून परत येईपर्यंत त्याने दोन अंडी करपवलेली असतात आणि ती स्वतःच्याच ताटात घेतलेली असतात.

या लांबोड्याला भिंतीवरच्या चकतीवर बाण फेकायचा मोठा शौक. आणि नेम असा की चकतीच्या भोवतालची भिंत चाळणी झालीय. तो बाण घेऊन उभा राहिला की शाळेत शिकवणारी बाई, चष्मा, बारीक केस, आवाज कोरडा, ती आपली खुर्ची उचलून त्याच्या पाठीमागे नेऊन ठेवते. म्हणते, "इथेही सुरक्षित वाटत नाही." सगळी खोली हसते. तोही हसतो. शुक्रवारी ती टेबलांचे संघ पाडून कोडी घालते आणि फळ्यावर गुण मांडते. पुढच्या शुक्रवारी त्यात तिचंच उत्तर चुकलं, तेव्हा त्याने उभं राहून सगळ्यांना शांत राहायला सांगितलं आणि म्हणाला, "मुलांच्या फिया परत मिळतील का?" अशी त्यांची तऱ्हा. तासन्‌तास एकमेकांची साल काढतात आणि कोणी उठून जात नाही.

मला हे आधी कळलं नव्हतं. एक नवा इंजिनियर आला होता, तरुण, तोंड कायम पडलेलं. त्याच्याशी सगळे फार गोड बोलायचे. मी लांबोड्याला म्हटलं, "बिचाऱ्याला किती मानता तुम्ही लोक." तो म्हणाला, "मानत नाही. अजून ओळखत नाही. जोवर आम्ही गोड बोलतो तोवर तो पाहुणा." मग एकदा बाहेर शेगडीवर त्या पोराने सॉसेज कोळशासारखे जाळले, आणि बाईने त्यातला एक उचलून भिंतीवर त्याचं नाव लिहून पाहिलं. पोरगा लाल झाला, मग हसला. त्या दिवसापासून त्या टेबलावर त्याची खुर्ची ठरलेली.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एक किडा शिरला. मला हे सगळे काय म्हणतात? "फारच छान, शेफ. आभारी आहोत, शेफ." एकानेही कधी टिंगल केली नव्हती. म्हणजे इतक्या शुक्रवारांनंतर माझी खुर्ची कुठेच नव्हती. मी खुर्चीवर बसायला मागत नव्हतो. काम सोडून बसणारा मी नाही. पण त्या खोलीत मी पाहुणा आहे की घरचा, ते मला कळायला हवं होतं. माणूस सत्तरीकडे झुकला की हे कळून घ्यायचा त्याला हक्क आहे.

दर वर्षी रमजानात मी सुट्टी घेऊन गावी जायचो. यंदा बकरी ईदेला घरात लग्न होतं म्हणून सुट्टी पुढे ठेवली आणि पहिल्यांदाच रमजान पबात आला. या लोकांनी काय करावं? मला न विचारता ब्रंच सकाळचं संध्याकाळवर नेलं, मगरिबच्या नंतर, म्हणजे सूर्य बुडाल्यावरच्या नमाजानंतर. नाव तेच ठेवलं, ब्रंच. मी लांबोड्याला म्हटलं, "मी रोजा ठेवून दिवसभर तळू शकतो. माझी काळजी करायचं कारण नाही." तो म्हणाला, "तुमच्यासाठी नाही हो, शेफ. आम्हालाच सकाळी उठवत नाही." मला ते खरं वाटलं नाही, पण खोटं म्हणायला जागाही ठेवली नव्हती त्याने.

आता रोज्यात स्वयंपाक करताना चाखता येत नाही. मौलवी सांगतात, कामच असेल तर जिभेच्या टोकाला लावून थुंकलं तर चालतं. मला माहीत आहे. मला पटत नाही. रोजा तो रोजा. आणि ज्याचा हात बसलाय त्याला चाखायची गरज काय? काउंटरवर पेयं देणारा माझा सोबती केरळचा ख्रिश्चन, माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान. पहिल्या शुक्रवारी तो चमचा घेऊन आला, "चाचा, मैं चखूँ?" मी पातेल्यावर झाकण ठेवलं. माझ्या भांड्यात दुसऱ्याचा चमचा कधी गेला नाही.

अजान झाली की मी खजूर आणि पाणी घ्यायचो आणि कंपाउंडच्या फाटकाबाहेरच्या मशिदीत जायचो. माझी इफ्तारी तिथेच आमच्या लोकांबरोबर. इकडे लांबोडा एप्रन बांधून ग्रेव्ही वाढायचा. मी परत यायचो तोवर ताटं चाटूनपुसून साफ. "फारच छान, शेफ." असे तीन शुक्रवार गेले. सोबती एवढंच म्हणाला होता, "चाचा, आज पानी बहुत गया." मी म्हटलं, हवा कोरडी आहे.

तिसऱ्या शुक्रवारनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोचा फोन आला. मी जरा ऐटीतच सांगितलं की न चाखता रांधतो आणि ताटात कण उरत नाही. ती म्हणाली, "मिठाचं कोणी बोललं नाय?"

"मिठाचं काय?"

"काय नाय."

"बोल की."

"अवो, रोज्यात तुमचा हात जड होतो. दर रमजानात तुम्ही घरी येऊन हौसेनं सालन करता, आणि आम्ही सगळी पहाटेच्या सहरीपर्यंत माठ रिकामा करतो."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

तिने अगदी साधेपणाने सांगितलं, "वर्षातून महिनाभर तुम्ही येणार. पाहुण्याला कोण बोलणार?"

मी फोन ठेवला. म्हणजे तिकडेही पाहुणाच.

फ्रिजमध्ये आदल्या दिवसाची ग्रेव्ही उरली होती, झाकलेल्या डब्यात. पण सकाळ होती आणि माझा रोजा होता. तो अख्खा दिवस मी त्या फ्रिजच्या आसपास काढला. कांदे चिरले, डबे काढून परत नीट रचले, ओटा पुसला, पुन्हा पुसला. अजान झाली. खजूर खाल्ला, पाणी प्यायलो, आणि मग चमचाभर ग्रेव्ही तोंडात घातली.

आमच्या खाडीच्या मुखाशी पोहताना नाकातोंडात पाणी जातं ना, तसं झालं.

सोबत्याला हाक मारली. "तुला माहीत होतं?"

"चाचा, पूरे कंपाउंड को मालूम है।"

"मग सांगितलं का नाहीस?"

"आपको कौन बोलेगा? पिछले साल मैंने बोला चाय में चीनी कम है। आपने दो दिन मुझसे बात नहीं की।"

हे खरं नाही. एक दिवस नव्हतो बोललो.

मिठाचं मला एवढं वाटलं नाही. मीठ आहे, जास्त पडतं. पण ज्या खोलीत एक सॉसेज जळला म्हणून पोराला घरात घेतात, तिथे माझी तीन शुक्रवारची खारट ग्रेव्ही सगळ्यांनी निमूट गिळली आणि वर आभार मानले. त्यांची रीत त्यांनीच मला शिकवली होती, मग मला वगळलं का? माफी मागायला जायचं माझ्या मनातही आलं नाही. ग्रेव्ही कमी-जास्त झाली तर सांगायचं काम खाणाऱ्याचं. मी ठरवलं की यांना बोलायला लावायचं.

पुढच्या शुक्रवारी मी कशातच मीठ घातलं नाही. ग्रेव्हीत नाही, बटाट्यात नाही, अंड्यांवर नाही. टेबलांवरच्या मिठाच्या कुप्या गोळा करून काउंटरखाली ठेवल्या. सोबती बघत होता.

"चाचा, ये क्या तमाशा है?"

"परीक्षा आहे."

"किसकी?"

कोणाची, ते मलाही नक्की ठाऊक नव्हतं.

त्या दिवशी मशिदीत मी इफ्तारीला थांबलो नाही. नमाज पढलो आणि सरळ परत आलो. काउंटरमागे उभा राहून ताटाकडे नाही, तोंडांकडे बघत होतो. बाईने पहिला घास घेतला. तिचा हात टेबलावर मिठाची कुपी शोधत फिरला. तिने शेजारच्या टेबलाकडे बघितलं. मग माझ्याकडे बघून हसली आणि दुसरा घास घेतला. नवा इंजिनियर बटाटा चघळत राहिला, बराच वेळ. कोणीतरी कोणाला तरी कोपराने ढोसलं. आणि मग तो नवा पोरगाच ताट घेऊन आला आणि म्हणाला, "फारच छान, शेफ."

मी मनाशी म्हटलं, बस. या ईदेनंतर घरी जायचं. इथे काय, तिथे काय, पाहुणाच राहायचं तर निदान स्वतःच्या पडवीत राहावं.

तेवढ्यात लांबोडा उठला. त्याने अजून माझा एप्रन सोडला नव्हता. ताट घेऊन तो काउंटरपाशी आला, ताट ठेवलं, दोन्ही कोपरं टेकली आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणाला, "एक विचारू का? तीन शुक्रवार तू आम्हाला समुद्र खायला घातलास. आज काय, ओहोटी आहे?"

काटे थांबले. बाईने हात तोंडावर नेला. सोबती माझ्याकडे असा बघत होता की आता हा म्हातारा एक तर पातेलं फेकणार नाहीतर इकामा, इथे राहायचा परवाना. माझी कानशिलं तापली होती, पण ती रागाने नव्हती.

मी काउंटरखालून मिठाची एक कुपी काढली आणि त्याच्या डोळ्यांसमोर धरली. म्हटलं, "मीठ पाहिजे? तुझ्या त्या चकतीच्या बरोबर मध्ये टांगतो. म्हणजे मरेपर्यंत तुला मिळायचं नाही."

माझं इंग्रजी मोडकंतोडकं आहे, पण ते सगळ्यांना कळलं. आधी बाई हसली. मग असा हशा उठला की फाटकावरचा पहारेकरी डोकावून गेला. आणि मग बांध फुटल्यासारखं झालं. तीन शुक्रवारचं साठवलेलं सगळं बाहेर आलं. बाई म्हणाली, "पहिल्या शुक्रवारी मला वाटलं मी जेवताना रडत होते." नवा इंजिनियर म्हणाला की तो घरी जाऊन फुलदाणीतलं पाणी प्यायला. कोणी म्हणालं, गाय मेली कशाने, बुडून? मी एकेकाला कुपी नेऊन देत होतो आणि एकेकाचं ऐकून घेत होतो. इतकं मीठ-पाणी माझ्या अंगावर आयुष्यात कोणी ओतलं नसेल आणि इतकं बरं मला आयुष्यात कधी वाटलं नसेल.

ताटं धुऊन झाल्यावर मी लांबोड्याला बाजूला घेतलं. विचारलं, "आधी का बोलला नाहीस?"

त्याने एप्रनला हात पुसले. हसत नव्हता. "तू दिवसभर उपाशी, तहानलेला, आणि आमच्यासाठी रांधतोस. त्या माणसाला खारट झालं म्हणायला कोणाची जीभ उचलेल?"

त्यांनी मला लांब ठेवलं नव्हतं. त्यांनी माझ्या रोज्याची अदब ठेवली होती. ज्यांचा तो धर्म नाही, ज्यांना इथे नोकरी संपली की विमानात बसून जायचंय, त्यांनी ती खारट घास गिळून ठेवली होती. मी त्यांना मनातून सलाम केला. तोंडाने मात्र वेगळंच बोललो. म्हटलं, "रोजा माझा आणि अल्लाचा. मीठ तुमचं आणि माझं. त्यात गल्लत करू नका."

तो म्हणाला, "बरं. लक्षात ठेवतो."

दुसऱ्या दिवशी मी बायकोला फोन केला. म्हटलं, "यापुढे मला पाहुणा समजायचं नाही. जे मनात असेल ते बोल. आत्ताच बोल, सगळं."

ती म्हणाली, "सगळं? दुपारच्या नमाजापर्यंत संपणार नाय."

"चालेल."

आणि तिने सुरुवात केली. माझ्या घोरण्यापासून. दुपारची नमाज झाल्यावर तिने पुन्हा फोन लावून उरलेलं सांगितलं.

रमजानचा शेवटचा शुक्रवार आला. कोड्यांच्या फळ्यावर एका टेबलाने आपल्या संघाचं नाव खडूने लिहिलं होतं, भरती-ओहोटी. मगरिबला अवकाश होता. मी ग्रेव्ही ढवळत होतो. लांबोडा लवकर आला, काउंटरला वळसा घालून थेट चुलीपाशी. हातात स्वतःचा चमचा. सोबती आपल्या जागेवरून बघत होता, आता चाचा झाकण ठेवतो की काय.

मी झाकण ठेवलं नाही. बाजूला सरकलो.

त्याने फुंकर मारून चाखलं. तोंडावर काही दिसू दिलं नाही. "थोडं हवं."

मी चिमूट टाकली. त्याने पुन्हा चाखलं. "अजून थोडं."

मी त्याच्याकडे बघितलं. "खात्री आहे?"

"माझी जीभ आहे. तुझी आज बंद आहे."

मी आणखी टाकलं. त्याचं आल्याचं पेय काउंटरवर भरलेलं होतं, ग्लासाला बाहेरून पाणी सुटलेलं. चाखून झाल्यावर त्याचा हात तिकडे गेला आणि मध्येच थांबला. तो भिंतीला टेकून उभा राहिला, ग्लासाला हात न लावता. मीही उभा राहिलो. खिडकीतून खजुराच्या झाडांचे शेंडे काळे होताना दिसत होते.

अजान झाली. मी खजूर तोंडात टाकला, त्याने ग्लास उचलला. पाणी पिऊन झाल्यावर, मशिदीकडे निघायच्या आधी, मी चमचाभर ग्रेव्ही स्वतः चाखली.

मीठ जास्त होतं. तीन शुक्रवारांत त्याच्या जिभेला माझ्या हाताची सवय लागली होती.

सोबत्याने भुवया उडवून विचारलं. मी चमचा धुवून जागेवर ठेवला, एप्रन काढून लांबोड्याच्या गळ्यात घातला आणि त्याला म्हटलं, वाढ. दारातून बाहेर पडून चपला घालतो न घालतो तोच मागून, बाईच्या टेबलावरून, तिचा तो कोरडा आवाज आला, "भरती आली."